ज्यांच्याकडून तुळस आणते, त्यांच्या फाटकाशी रात्री ट्रक उभे राहतात

पत्र थोडक्यात असं:

नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र. घरी नवरा आणि शाळेत जाणारी दोन मुलं. चार वर्षांपासून त्या तासाभराच्या अंतरावरच्या एका शेतावरून तुळस, गवती चहा, लेमन बाम आणि लाल अंबाडीची वाळलेली बोंडं आणतात. शेत एका कृष्णवर्णीय जोडप्याचं आहे. त्यातल्या बाई पूर्वी नर्स होत्या. जमीन त्यांच्या आजोबांपासूनची. गेल्या सात-आठ महिन्यांत शेताच्या रस्त्यावरच्या पाटीवर दोनदा वर्णद्वेषी शिवी रंगवली गेली. रात्री पिकअप ट्रक फाटकाशी येतात, घरावर दिवे मारतात, हॉर्न वाजवत बसतात. एका बांधालगतची झाडं अचानक वेडीवाकडी होऊन करपली. आणि जे कधी शेतावर आलेच नाहीत असे लोक इंटरनेटवर 'इथला चहा पिऊन आजारी पडलो' असं लिहू लागले. ताईंनी मराठी मंडळात निधी जमवायचा, पन्नास माणसं घेऊन शेतावर जायचं आणि सगळा प्रकार समाजमाध्यमांवर मांडायचा असं ठरवलं. बाईंना सांगितलं, तर त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "आत्ता नको." ताईंना ते फार लागलं. नवरा म्हणतो, आपलं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, आपण इथे पाहुणे, या भानगडीत पडू नकोस. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, त्यांची त्यांची भांडणं, आपल्याला काय त्याचं? ताई विचारतात: गप्प बसले तर स्वतःचीच लाज वाटते, काही करायला जावं तर ज्यांच्यासाठी करायचं त्याच नको म्हणतात. मी काय करू?

ताई,

त्या 'आत्ता नको'पासूनच सुरुवात करते. तुमच्या मूळ पत्रात ट्रकवाल्यांबद्दल चार ओळी आहेत आणि या दोन शब्दांबद्दल दीड पान. दुखतंय कुठे ते त्यावरूनच कळतं.

तुमचा बेत बाईंच्या ओसरीवर बसून पाहा. रविवारी दुपारी पंधरा-वीस गाड्या येतील, फलक असतील, फोटो निघतील, भाषणंही होतील. पाच वाजता सगळे परत कॅरीच्या रस्त्याला लागतील. रात्री अकराला फाटकाशी ट्रक आला तर घरात पुन्हा ती दोघंच. आणि ट्रकवाल्यांना आता नवं निमित्त मिळालेलं असेल. तुम्ही संतापाने भरून घरी याल, त्यांना मात्र तिथेच झोपायचंय. शेजारच्या ज्या माणसाकडून त्या गवताचे भारे बांधायचं यंत्र मागून आणतात, तो या गर्दीकडे कसा बघेल? शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयातला जो एक माणूस फोन उचलतो, तो पुढच्या वेळी उचलेल का? चर्चमध्ये काय बोललं जाईल? हे हिशेब त्या रोज करत असणार. वकिलाशी बोलल्या असतील आणि त्याने गाजावाजा करू नका असं सांगितलं असेल, अशीही शक्यता आहे. त्या 'आत्ता' म्हणाल्या आहेत. 'तुम्ही नको' असं त्या कुठेही म्हणालेल्या नाहीत.

प्रसिद्धीने असे प्रश्न सुटतात, असं आपण धरून चालतो. नेहमी तसं होत नाही. व्हरमाँट राज्याच्या विधिमंडळात किया मॉरिस नावाच्या कृष्णवर्णीय सदस्य होत्या. बेनिंग्टन गावात त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला दीर्घकाळ वर्णद्वेषी छळ सोसावा लागला. 2018 मध्ये त्यांनी पद सोडलं. बातमी देशभर गेली. जानेवारी 2019 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी जाहीर केलं की छळ झाला हे खरं, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनात्मक संरक्षणामुळे खटला भरता येत नाही. ते जाहीर करायला बोलावलेल्या पत्रकार परिषदेत छळणारा माणूस स्वतः येऊन उभा राहिला. पुढे 2021 मध्ये पोलिसांनी प्रकरण ज्या तऱ्हेने हाताळलं त्याबद्दल गावाने माफी मागितली आणि भरपाई दिली. तोवर त्या कुटुंबाने ते गाव सोडलेलं होतं.

यातून गप्प बसावं असा अर्थ मी काढत नाही. मला एवढंच दिसतं की किती बोलायचं, कधी आणि कुणासमोर, हे ज्याच्या दारात संकट उभं आहे त्यानेच ठरवायचं असतं. आपण त्यांचा आवाज व्हायला निघालो, पण त्यांना तर स्वतःचा आवाज आहे. त्यांनी तो तुमच्यासमोर वापरलाही, दोन शब्दांत.

आता कायद्याचं थोडं बोलते, कारण हा पेच पुष्कळ वाचकांना माहीत नसतो. अमेरिकेत नुसतं द्वेषाने बोलणं हा गुन्हा होत नाही. धमकी, मालमत्तेचं नुकसान, हद्दीत घुसणं हे गुन्हे आहेत. नॉर्थ कॅरोलायनात वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून कुणावर हल्ला केला, मालमत्ता बिघडवली किंवा तशी धमकी दिली तर त्यासाठी वेगळं कलमही आहे. म्हणजे पाटीवर रंग फासणं सरळ गुन्ह्यात बसतं. सार्वजनिक रस्त्यावर गाडी उभी करून दिवे मारणं तितकं सरळ बसत नाही. तिथे एका रात्रीला किंमत नसते, पंचवीस रात्रींच्या नोंदीला असते: तारीख, वेळ, गाडीचा रंग, नंबर, किती मिनिटं थांबली. त्या राज्यात संभाषणात भाग घेणारा एक माणूस दुसऱ्याला न विचारता ते ध्वनिमुद्रित करू शकतो, हेही माहीत असलेलं बरं.

पण ही वही ठेवा म्हणून बाईंना शिकवायला जाऊ नका. नर्स म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पेशंटच्या तासातासाच्या नोंदी लिहिल्या आहेत. नोंद म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं. वही तुमची ठेवा. तुम्ही शेतावर कधी गेलात, पाटी कशी होती, त्या दिवशी रस्त्यावर काय पाहिलंत, ते तारखेसह लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा, आणि एकदा सहज सांगा, "माझ्याकडे या तारखांचे फोटो आहेत, कधी लागले तर मागा." तिऱ्हाईताची साक्ष वजनदार असते. नात्याबाहेरच्या, गावाबाहेरच्या गिऱ्हाइकाने पाहिलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं उडवून लावणं कुणालाही सोपं जात नाही.

करपलेल्या झाडांपाशी मला जरा थांबायचंय. पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला ती वाटते, आणि तुम्ही ती एका वाक्यात सांगून पुढे गेलात. मका किंवा सोयाबीन असतं तर एका कडेचं नुकसान सोसता आलं असतं. वनौषधीच्या शेतात पान हाच माल. तेच पान वाळवून, चुरून, उकळत्या पाण्यात घालून माणूस पितो. त्यावर तणनाशकाचा फवारा पडला तर तो माल विकता येत नाही, कारण गिऱ्हाइकाचा विश्वास हीच त्या पुडीची अर्धी किंमत असते. शिवाय सगळीच झाडं तुळशीसारखी एका हंगामाची नसतात. एकिनेशिया या औषधी झाडाची मुळं काढायला लावल्यापासून तिसरं-चौथं वर्ष उजाडतं. एका दुपारच्या फवाऱ्यात तीन वर्षांची मेहनत जाते, आणि पुढची तीन पुन्हा वाट पाहण्यात जातात.

पानं वळणं, वाटीसारखी होणं, शेंडे पिळवटणं ही काही तणनाशकांची ओळखीची लक्षणं आहेत. पण ताई, ते मुद्दामच केलं असं आत्ताच धरू नका. शेजाऱ्याचा निष्काळजीपणा असेल, वाऱ्याने वाहून आलं असेल, रस्त्याकडेचं किंवा विजेच्या तारांखालचं रान साफ करणाऱ्यांनी फवारलं असेल. काय होतं ते पानांच्या तपासणीतून कळतं, आणि त्यासाठी राज्याच्या कृषी खात्यात कीटकनाशक विभाग आहे. तिथे तक्रार केली की निरीक्षक येऊन पानांचे नमुने घेतात. यात वेळ महत्त्वाचा, कारण पावसाने, उन्हाने पुरावा धुऊन जातो. बाईंनी हे केलंय का, एवढंच विचारा. केलं असेल तर विषय तिथेच सोडा. आणि काहीही झालं तरी मंडळाच्या ग्रुपवर 'शेतावर विष फवारलं' असं टाकू नका. तुम्ही ते सहानुभूतीने लिहाल, वाचणाऱ्याच्या मनात मात्र एकच गोष्ट उरेल: तिथला चहा आता घ्यायला नको.

इंटरनेटवरच्या खोट्या मतांबद्दलही असंच. तुमच्यातल्या कुणी सुचवलं असेल की आपण पन्नास जण चांगलं लिहू. जे शेतावर गेलेच नाहीत त्यांनी लिहिलं तर तेही खोटंच. एकगठ्ठा आलेली मतं सहज ओळखू येतात आणि ठपका शेतावर येतो. ज्यांनी खरंच माल घेतला आहे त्यांनी लिहावं, काय घेतलं, कधी घेतलं, कसं निघालं ते. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. 'या चहाने माझी साखर उतरली', 'दमा गेला' असं लिहू नका. वनौषधी विकणाऱ्याने ती रोग बरा करते असा दावा केला तर तिथला कायदा त्या मालाला परवाना नसलेलं औषध मानू शकतो, आणि गिऱ्हाइकाचं असं मत विक्रेत्याने उचलून धरलं तर तोही दावाच ठरू शकतो. जो माणूस खोट्या तक्रारी करतोय त्याच्या हाती आपण खरं कोलीत द्यायला नको. 'पानं ताजी होती, वास घरभर दरवळला, पुन्हा आणणार' एवढं पुष्कळ झालं.

आता निधीचं. पत्रात तुम्ही दोनदा 'मदत' म्हणालात, एकदा 'बिचाऱ्या' म्हणालात. तो शब्द काढून टाकून बघा. आजोबांची जमीन कसणारी, पोटच्या लेकरासारखी रोपं सांभाळणारी, स्वतःच्या हिमतीवर माल विकणारी ही बाई आहे. ती शेतकरी आहे आणि तुम्ही तिचं गिऱ्हाईक. हे नातं उपकाराच्या नात्याहून सरस आहे, कारण त्यात दोघांची मान ताठ राहते. वर्गणीचा चेक एकदा येतो आणि देणाऱ्याच्या लक्षात राहतो. दर महिन्याची ऑर्डर येते आणि त्यातून शेत चालतं.

हंगामाआधी पैसे भरून शेतकऱ्याला हमी द्यायची आणि हंगामभर माल घ्यायचा, ही पद्धत आज अमेरिकेत शहरी लोकांमध्ये फार प्रिय आहे. तिच्या मुळांशी अलाबामाच्या टस्कीगी विद्यापीठातले कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली यांचंही काम आहे. छोट्या शेतकऱ्याने सभासद गिऱ्हाइकांचा गट बांधावा, त्यांच्याकडून पैसे आगाऊ घ्यावेत, असं ते सांगत. बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी ज्यांना दारातून परत पाठवलं त्या शेतकऱ्यांना ते गिऱ्हाइकाचा आधार शोधून देत होते. तुमच्या बाई असा वाटा विकतात का, विचारा. विकत असतील तर पुढच्या हंगामाचे पैसे आत्ताच भरा, आणि मंडळातल्या चार-पाच घरांना भरायला सांगा.

आपल्याकडे तर औषधी पानाफुलांची मागणी वर्षभर असते. तुळशीच्या लग्नाला परदेशात लोक दुकानातली कोमेजलेली रोपं घेतात किंवा फोटोपुढे लग्न लावतात. तुमच्या भागात पहिलं गोठवणारं दहिवर ऑक्टोबरअखेरीला किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पडतं आणि उघड्यावरची तुळस एका रात्रीत काळी पडते. लग्न असतं कार्तिकात, बहुधा त्यानंतर. म्हणजे चाळीस कुंड्या हव्या असतील तर बाईंना त्या प्लास्टिकच्या घरात वेगळ्या सांभाळाव्या लागतील, आणि ते त्यांना उन्हाळ्यातच कळायला हवं. तीच गोष्ट संक्रांतीच्या वाणाची. दर वर्षी प्लास्टिकचे डबे नि चमचे लुटतो आपण. या वर्षी लाल अंबाडीच्या बोंडांच्या पुड्या वाटा. आंबट-गोड, रक्तासारखा लाल चहा होतो. पुडीवर शेताचं नाव असू द्यायचं की नाही, ते मात्र बाईंना विचारून ठरवा.

अंबाडीचा विषय निघालाच आहे तर सांगते. लाल अंबाडी आणि चवळी या दोन्हींचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांबरोबर त्यांची बियाणी, त्यांची रांधण्याची रीत अटलांटिकपार गेली. अंबाडीच्या बोंडांचं पेय सेनेगलमध्ये बिसाप म्हणून पितात, कॅरिबियन बेटांवर सॉरेल म्हणून. 19 जूनला, गुलामीतून सुटकेच्या सणाला, कृष्णवर्णीय अमेरिकन घरांमध्ये लाल पेय करतात, त्यातही ते असतं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेकडे चवळी-भात खातात. तुमच्या आजीच्या सुपात आणि बाईंच्या आजीच्या सुपात तेच दाणे होते. बाईंशी गप्पा मारायला हा विषय ट्रकवाल्यांपेक्षा कितीतरी चांगला आहे. ज्याच्यावर संकट येतं त्याला प्रत्येक जण फक्त संकटाबद्दलच विचारतो, आणि ते फार थकवणारं असतं.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांना भित्रे ठरवू नका. रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला किती जपून पाऊल टाकावं लागतं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या म्हणण्यात एक भाग अगदी खरा आहे, आणि तो तुम्हाला सुचलेला दिसत नाही. शेतावर जाऊन खुरपणी, तोडणी, पॅकिंग करू लागण्याचा विचार असेल तर थांबा. कामाची परवानगी नसलेल्या व्हिसावरच्या माणसाने नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायात, एरवी मजुरी देऊन करून घ्यायचं काम फुकट केलं तरी ते बेकायदा नोकरी ठरू शकतं. बदल्यात पिशवीभर पुदिना घेतला तर आणखीनच. तुमचा स्वतःचा व्हिसा कोणता आहे ते बघून वकिलाला विचारल्याशिवाय यात पडू नका. तसंच जिथे बाचाबाची होऊन अटकेपर्यंत जाईल असं वाटतं तिथे जाऊ नका. किरकोळ अटकही पुढे अर्जात लिहावी लागते. पण माल विकत घेणं, पाहिलेलं लिहून ठेवणं, विचारलं तर शेरीफला खरं सांगणं, यातलं काहीही व्हिसाच्या अटींविरुद्ध नाही. हे त्यांच्यासमोर नीट मांडा. भीतीला आकार दिला की ती बरीच लहान होते.

'आपण पाहुणे' हे मात्र मला मान्य नाही. पंजाबातून तिथे गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते गोरे नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. कॅलिफोर्नियात जो नागरिक होऊ शकत नाही त्याला शेतजमीन घेता येत नव्हती. तिथे घाम गाळणाऱ्या भारतीय, मुख्यतः पंजाबी शेतकऱ्यांना जमिनी दुसऱ्यांच्या नावावर ठेवाव्या लागल्या. 1946 मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ते खरं उघडलं 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा आला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर. ज्या रांगेत तुमचे यजमान उभे आहेत ती रांग ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले त्यांच्या पिढीमुळे सुरू झाली. बाईंचे आईवडील त्याच पिढीतले असणार.

आणि मराठी माणसाला तर 'काय संबंध' असं विचारायची सोयच नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्यांनी पुण्यात बसून संबंध ओळखला. बाबासाहेबांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं.

काकूंच्या वाक्यातला 'त्यांची त्यांची भांडणं' हा भाग तपासून पाहा. भांडणाला दोन बाजू लागतात. रात्री घरावर दिवे मारणाऱ्याशी घरात झोपलेल्या माणसाचं भांडण नसतं. आपल्या गावांमध्ये याची ओळख आहे. वाळीत टाकणं असंच चालतं: आधी टोमणे, मग दुकानात माल मिळत नाही, दूध घेत नाहीत, बांधावरून वाट बंद होते, आणि एक दिवस माणूस कंटाळून जमीन विकायला काढतो. महाराष्ट्राला त्याविरुद्ध 2016 मध्ये कायदा करावा लागला. माझ्या आजोळी एका कुटुंबाला असं टाकलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजी रोज त्यांच्याकडून ताक आणायची, नको असलं तरी. कुणाशी वाद घातला नाही, कुणाला सांगत बसली नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या ओट्यांसमोरून, तांब्या घेऊन जायची आणि यायची. हे पत्र वाचताना तो तांब्या मला सारखा आठवत होता.

जमिनीचा विषय पुसट ठेवून चालणार नाही, कारण अशा छळामागे पुष्कळदा तीच असते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता, जानेवारी 1865 मध्ये, गुलामीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना किनारपट्टीवर चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी हुकूम निघाला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी त्या जमिनी जुन्या मालकांकडे परत जाऊ दिल्या. तरीही पै-पै जोडून लोकांनी जमिनी घेतल्या. 1920 मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय शेतकरी 9 लाख 25 हजारांच्या आसपास होते. 2022 च्या शेतीगणनेत ते पन्नास हजारांच्या आत आहेत. सगळे काही खुशीने शहरात गेले नाहीत. काहींना दहशतीने हाकललं. काहींना कर्ज नाकारून बुडवलं, आणि या भेदभावाबद्दल सरकारच्या कृषी खात्याला 1999 मध्ये मोठी तडजोड करून भरपाई द्यावी लागली. आणि काहींच्या जमिनी मृत्युपत्र नसल्याने गेल्या. आजोबा वारले, जमीन सगळ्या वारसांची सामाईक झाली, एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला आणि कोर्टातून सगळ्याच जमिनीचा लिलाव करवून घेतला. सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या जमिनीचं काय होतं, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तुमच्या बाईंची कागदपत्रं कशी आहेत हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही. पण त्यांनी कधी विषय काढलाच, तर डरॅममध्ये 'लँड लॉस प्रिव्हेन्शन प्रोजेक्ट' नावाची वकिलांची संस्था आहे, ती नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या शेतकऱ्यांना जमीन वाचवायला कायद्याची मदत करते, हे तुम्हाला माहीत असू द्या. ग्रीन्सबोरोचं नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं विद्यापीठ छोट्या शेतकऱ्यांसाठी सल्ला सेवा चालवतं. बहुतेक त्यांना दोन्ही ठाऊक असतील. आणि पुढे कधी त्या म्हणाल्या की आता माणसं हवीत, तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कमिशनरांच्या सभेत दर महिन्याला नागरिकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो. तिथे दहा गिऱ्हाइकांनी उठून दोन-दोन मिनिटं, या शेताचा माल आम्ही घेतो आणि तिथे असं असं घडलेलं पाहिलं, एवढं सांगितलं तरी ते नोंदीत जातं. शेरीफ तिथे निवडून येतो, त्यालाही ते ऐकू जातं. ज्यांना त्या काउंटीत मत आहे त्यांनी बोललेलं जास्त ऐकू जातं, म्हणून तुमच्या ओळखीत तिथले रहिवासी कोण आहेत ते आठवून ठेवा.

एक अवघड गोष्ट उरली आहे. ती पन्नास माणसं. त्यांना तुम्ही ओळखता. ती बाईंच्या अंगणात कशी वागतील? कुणी भाव करेल का? कुणी मराठीत काही पुटपुटेल, कारण 'त्यांना कुठे कळतंय'? कुणी आत शिरताना पर्स छातीशी धरेल? आपल्या घरांमध्ये कृष्णवर्णीयांबद्दल जो एक तुच्छतेचा शब्द सर्रास वापरला जातो, मागच्या सीटवर बसलेल्या मुलांसमोरही, तो तुम्ही ऐकलेला आहे, मीही ऐकलेला आहे. भाषा कळली नाही तरी सूर कळतो. आयुष्यभर असे सूर ऐकलेल्या बाईला तर गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या चालीवरून कळत असेल. 'आत्ता नको' म्हणण्यामागे हेही असेल का, मला माहीत नाही. पण त्या शेतावर गर्दी न्यायच्या आधी काकूंशी आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावर बोलणं व्हायला हवं, आणि ते बोलणं पाटी पुसण्यापेक्षा कठीण आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ते आजच होऊ शकतं.

न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, किंवा इथे मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या शेजारी राहून हे वाचणाऱ्यांनाही मी वेगळं काही सांगणार नाही. कलमं बदलतील, कचेऱ्यांची नावं बदलतील. विचारून करा, नियमित जा, पाहिलेलं त्याच दिवशी लिहा.

येत्या शनिवारी नेहमीसारख्या जा, ताई. मुलांना घेऊन जा. निधी, मोर्चा यातलं काहीच काढू नका. तुळस घ्या, बोंडं घ्या, आजीच्या चवळीच्या उसळीचं सांगा. निघताना एवढंच म्हणा की त्या दिवशी मी माझ्याच घाईत होते, मी काय करू आणि काय करू नको ते तुम्ही सांगा, तोवर मी दर पंधरा दिवसांनी येतेच आहे. त्या काही सांगतील किंवा नुसत्या मान हलवतील. मग कार्तिकातल्या चाळीस कुंड्यांची ऑर्डर कागदावर लिहून, निम्मे पैसे आगाऊ ठेवून या. बी कधी पेरायचं ते त्या ठरवतील.